पक्षकार आजारी

"एकशेविसावा दिवस संपला की दार बंद," कवठेकर साहेब म्हणाले. "मग प्रतिवादीची कैफियत दाखल करून घ्यायचा अधिकार न्यायाधीशालाही उरत नाही. रडा, पडा, काहीही करा."

हॉलमध्ये हशा झाला. मीही हसले आणि हसत हसत डायरीत लिहिलं : १२०, दार बंद. त्याच्या वरच्याच ओळीत माझ्याच अक्षरात होतं : १.४०, नाचणीचं सत्त्व पाऊण वाटी, निम्मं आईंच्या पदरावर.

इतर वकिलांच्या डायरीत तारखा असतात. माझ्या डायरीत तारखा आणि रेणू असायची. रेणू म्हणजे माझी दहा महिन्यांची मुलगी. सकाळी आठला शी, जरा पातळ. अकराला अमुक दावा, साक्षीदाराचा उलटतपास. साडेबाराला रेणू शिंकली, दोनदा. सात वर्षांपूर्वीची ती डायरी अजून माझ्या कपाटात आहे. बाहेर काढायची मात्र हिंमत होत नाही.

सोलापूरच्या आमच्या वकील मंडळींनी एका शनिवारी दुपारी कार्यशाळा ठेवली होती : 'दिवाणी दाव्यांतील अलीकडचे बदल'. शनिवार कामाचा होता, पण जेवणानंतर बोर्डावर फारशी प्रकरणं नव्हती. निवृत्त जिल्हा न्यायाधीश कवठेकर पुण्याहून बोलायला आलेले. चाळीसेक वकील जमले होते आणि त्यातले निम्मे नंतरच्या कांदाभज्यांसाठी आले होते. मी ज्ञानासाठी आले होते. बाळंतपणापायी मी वर्षभर घरी बसले होते आणि मला रात्रंदिवस वाटायचं, की तेवढ्यात सगळा कायदा बदलून गेला आणि मला कुणी सांगितलंच नाही. तळमजल्यावर महिला वकिलांच्या खोलीत आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रेणूला घेऊन बसल्या होत्या. आमचं ठरलेलं होतं : एक मिस्ड कॉल म्हणजे उठली, दोन म्हणजे रडतेय, तीन म्हणजे असशील तशी ये.

"आता हे मी कमर्शियल दाव्यांचं बोलतोय," कवठेकर साहेब पुढे म्हणाले. "साध्या दाव्यांत तुमची चंगळ चाललीय ती चालू द्या. अर्ज द्या, खर्च भरा, उशिराची कैफियत आत. पण मालाच्या नावाचा, लेबलाचा वाद असला की तो कमर्शियल. मोठ्या कंपन्यांचंच नाही बरं का. मसाल्याच्या पुडीवरचं नावसुद्धा."

मसाला त्यांनी उगाच, तोंडाला आला म्हणून घेतला असणार. माझं हसू मात्र तिथेच थांबलं.

कारण माझ्या पायाशी जी पिशवी होती तिच्यात, लंगोटांच्या खाली, सुलभावहिनी होनराव यांची कैफियत होती. सुलभावहिनींचे यजमान गेल्यावर त्यांनी घरामागच्या शेडमध्ये काळा मसाला करायला घेतला, 'होनराव मसाले' म्हणून पुड्या काढल्या, अकरा बाया कामाला ठेवल्या. मसाला चालायला लागला तसा दिराला साक्षात्कार झाला, की होनराव हे नाव फक्त त्याच्या कंपनीचं आहे. त्याने दावा लावला : वहिनीने पुडीवर हे आडनाव छापू नये. कैफियत दाखल झाली नसती, तर वहिनींची बाजू कुणी ऐकलीच नसती आणि त्यांचं स्वतःचं आडनाव त्यांच्याच पुडीवरून पुसलं गेलं असतं.

बाळंतपणानंतर मी एकटीने घेतलेलं ते पहिलं काम. कैफियत तयार नव्हती असं नाही. तीन आठवड्यांपूर्वीच टाइप होऊन तिच्यावर वहिनींची सहीसुद्धा झाली होती. पण मला सारखं वाटायचं, यात काहीतरी राहिलंय. रेणूची बाटली जितक्या वेळा उकळायची तितक्याच वेळा मी ती कैफियत काढून वाचायचे आणि परत पिशवीत ठेवायचे. मुदत काय, मागितली की मिळते. मी दोनदा मागितली होती आणि दोन्ही अर्जांत आम्ही सगळेच लिहितो ते कारण लिहिलं होतं : पक्षकार आजारी असल्याने. आमच्या कोर्टातले मुदतीचे अर्ज खरे मानले तर निम्मा जिल्हा सलाईनवर आहे.

दिवस समन्स मिळाल्यापासून मोजतात, म्हणून ती तारीख शोधत मी डायरी मागे उलटत गेले. बावीस मार्च : सुलभावहिनींना समन्स मिळालं. रेणूचं उष्टावण, खीर थुंकली. बोटांवर मोजलं. एकशेवीस. पुन्हा मोजलं. बोटं तीच, आकडा तोच. मग आठवलं, मे महिन्यात कोर्टाला सुट्टी होती की! तेवढे दिवस वजा केले की झालं. खात्री करून घ्यावी म्हणून मी हात वर केला.

"सर, माझ्या एका मैत्रिणीच्या मॅटरमध्ये असं झालंय... म्हणजे, ती विचारत होती, की उन्हाळ्याची सुट्टी यात धरायची का?"

"धरायची. मैत्रिणीला सांगा, सुट्टी कोर्टाला असते, मुदतीला नसते. कितवा दिवस आहे मैत्रिणीचा?"

"एकशेविसावा, सर. आज."

कवठेकर साहेबांनी चष्मा काढला. "मग मैत्रीण इथं काय करतेय?"

अख्खा हॉल मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. एकच माणूस वळला नाही. तिसऱ्या रांगेतले बिराजदार सर. सुलभावहिनींच्या दिराचे वकील. पस्तीस वर्षांची वकिली, आवाज कधी चढत नाही, कागद कधी हरवत नाही. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, एका पानावर बोट ठेवलं, डायरी मिटली, बॅग उचलली आणि शेजारच्यांच्या गुडघ्यांना न लागता, तिरके होत रांगेतून बाहेर पडले.

कैफियत दाखल करायची तर तिची प्रत आधी समोरच्या वकिलाला द्यायची आणि 'प्रत मिळाली' अशी त्याची सही घ्यायची. खरी मुदत तीसच दिवसांची, म्हणून उशिराचा अर्ज जोडायचा आणि त्यावरही त्याचं म्हणणं घ्यायचं. एवढं असल्याशिवाय कागद दाखल करायच्या खिडकीवरचे कारकून कागदाला हात लावत नसत. आणि सही द्यायची नसेल तर जुना वकील नाही म्हणत नाही. तो सापडत नाही.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकी साडेचारला बंद.

मी जिन्यातूनच वहिनींना फोन लावला. "वहिनी, असाल तशा कोर्टात या."

"काय झालं ओ? हरलो काय?"

"अजून नाही."

हे उत्तर मी का दिलं ते मला आजही माहीत नाही. घाबरलेल्या पक्षकाराला धीर द्यायची ही माझी पद्धत.

वहिनी वीस मिनिटांत स्कूटीवरून आल्या. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात मसाल्याने काळपट, आणि त्यांच्यामागोमाग भाजलेल्या धन्या-खोबऱ्याचा वास वकिलांच्या बाररूममध्ये शिरला. दोन वकील शिंकले. तोवर मी उशिराचा अर्ज हातानेच लिहायला घेतला होता. तो लिहिताना डोकं लागत नाही, हात आपोआप चालतो.

"इथं सही करा, वहिनी."

वहिनी सही करताना वाचतात. ही एक खोड मी विसरले होते.

"'प्रतिवादी आजारी असल्याने'," त्यांनी वाचलं. "प्रतिवादी म्हणजे मीच ना?"

"हो."

"मी कुठं आजारी होते?"

"तसं लिहायची पद्धत असते, वहिनी."

"कुणाची?"

"सगळ्यांचीच."

"सगळ्यांची असू दे की. सगळे मसाला करत नाहीत." त्यांनी पेन खाली ठेवलं. "आमच्या दिराला तेच पायजे. हा कागद घेऊन दुकानोदुकानी फिरेल, वहिनीचं काही खरं नाही, आता पुडी कोण भरतंय देव जाणे. दुकानदार एकदा बिचकला की संपलं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "ओ वकीलबाई, आधीपण असंच लिहिलंय काय?"

"दोनदा."

"काय झालतं मला?"

"पहिल्यांदा कंबर धरली होती."

"आणि दुसऱ्यांदा?"

मी पिशवीची चेन लावली, उघडली. "विषमज्वर."

"विषमज्वर!" बाररूममधल्या पेपर वाचणाऱ्यांनीसुद्धा मान वर केली. "मसाला करणाऱ्या बाईला विषमज्वर लावला तुम्ही? जरा खोकला तरी लावायचा!"

"खोकलाही बरा दिसला नसता," मी म्हटलं. अशा वेळी माझ्या तोंडातून असलंच काहीतरी निघतं.

"मग खरं काय ते लिहा. उशीर कशानं झाला?"

खरं काय ते लिहायला आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. मी कागदाकडे बघत म्हटलं, "माझ्यामुळे."

"मग तेच लिहा की! तुम्हाला कुठं मसाला विकायचाय?"

मी कोरा कागद घेतला. आयुष्यात इतका अवघड अर्ज मी लिहिलेला नाही. 'प्रतिवादीची प्रकृती उत्तम आहे व यापूर्वीही उत्तम होती. विलंब प्रतिवादीच्या वकिलांमुळे झाला आहे. त्या बाळंतपणानंतर नुकत्याच कामावर आल्या असून त्यांना दहा महिन्यांची मुलगी आहे. कैफियत तयार होती. ती अपुरी ठरेल या भीतीने त्यांनी ती वेळेत दाखल केली नाही. याची शिक्षा प्रतिवादीला होऊ नये ही विनंती.'

वहिनींनी ओठ हलवत सगळं वाचलं. "'उत्तम' हे बरं लिहिलं," म्हणाल्या आणि सही केली. कागदावर अंगठ्याचा मसाल्याचा ठसा राहिला. मी तो पुसायला गेले तर आणखी पसरला.

चारला पाच कमी. आता बिराजदार. हॉलमध्ये नव्हते. कॅन्टीनमध्ये नव्हते. बाररूममध्ये त्यांचं टेबल आवरलेलं होतं. त्यांचे कारकून सुपारी कातरत म्हणाले, "साहेब? घरी गेले असतील. बॅग दिसत नाही."

फोन बघितला. आईंचे तीन मिस्ड कॉल, पाऊण तासापूर्वीचे. तीन म्हणजे असशील तशी ये. आणि मी गेले नव्हते. एका हातून दावा गेला आणि दुसऱ्या हातून मुलगी, एवढं सगळं मला तीन जिने उतरताना दिसलं. ताप, अ‍ॅम्ब्युलन्स, सुलभावहिनींच्या पुडीवर दुसऱ्याचं नाव, माझी सनद रद्द. मी कल्पना करायला लागले की कंजुषी करत नाही.

महिला वकिलांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक आहे. त्या बाकावर बिराजदार सर बसले होते. बॅग पायाशी. मांडीवर रेणू. मूळ दस्तऐवज न्यायाधीशांपुढे धरतात तसं त्यांनी तिला दोन्ही हातांनी, अंगापासून जरा लांब धरलं होतं. रेणूने त्यांच्या गळ्यातला पांढरा बँड तोंडात घातला होता आणि मनापासून चघळत होती.

"ही तुमची का?" त्यांनी विचारलं.

"हो सर. आई कुठे गेल्या?"

"मला ठाऊक नाही. मी इथून चाललो होतो. एक बाई म्हणाल्या, 'अहो काळे कोट, पाच मिनिटं हिला धरा, मी आले.' आणि मी काही म्हणायच्या आत गेल्या." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "पाऊण तास झाला."

"सॉरी, सर."

"मी घरी निघालो होतो," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, न चढणारा. "तुमचा प्रश्न ऐकून निघालो होतो. का, ते तुम्हाला कळलं असेल."

"हो, सर."

"मूल बाकावर ठेवून जाता येत नाही."

तेवढ्यात आई आल्या. हातात पाण्याची बाटली, कागदात कांदाभजी. "अगं, किती मिस्कॉल द्यायचे! पाणी संपलं, हिचं रडणं थांबेना. फिरवत बाहेर आणलं तर समोरून हे आले. यांच्याकडे बघून गप्प झाली. म्हटलं, काळा कोट आहे, तुझ्यातलेच कुणीतरी असतील."

"आई, हे माझ्याविरुद्धचे वकील आहेत."

आईंनी बिराजदार सरांना वरून खाली न्याहाळलं. "असू देत की. मूल धरायला काय होतं? भजी घ्या हो, गरम आहेत."

बिराजदार सरांनी भजं घेतलं नाही. माझ्याकडे हात केला. "द्या."

मी कैफियतीची प्रत आणि अर्ज त्यांच्या हातात दिला. हात जोडू की रेणूला घेऊ, ते मला कळेना. मी रेणूला घ्यायला गेले तर तिने बँडला मिठी मारून भोकाड पसरलं. "राहू द्या," ते म्हणाले. त्यांनी अर्ज वाचला. मग वहिनींच्या काळ्या अंगठ्यापाशी थांबले. मग पहिल्यापासून पुन्हा वाचला. तेवढ्या वेळात मी त्यांच्या चेहऱ्याची प्रत्येक रेघ वाचून काढली आणि मला एकीचाही अर्थ लागला नाही.

"पेन."

प्रत मिळाली, सही, तारीख, वेळ चार वाजून सतरा मिनिटं. मग त्यांनी अर्ज पालथा केला, बॅगेवर ठेवला आणि रेणूचा हात एका हाताने बाजूला धरत मागे आपलं म्हणणं लिहिलं. दोनच ओळी. ते काय असणार मला ठाऊक होतं. 'सक्त हरकत आहे' याच्याशिवाय त्या जागी आजवर कुणी काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. कागद घेतला आणि पळाले. मागून आईंचा आवाज आला, "अगं, हिला तरी घेऊन जा!"

खिडकीवर शिक्का पडला तेव्हा चार सव्वीस झाले होते. कारकून म्हणाले, "मॅडम, हा डाग कसला?" मी म्हटलं, "मसाला." त्यांनी वास घेतला आणि पुढे काही विचारलं नाही.

सोमवारी आमचं प्रकरण पुकारलं गेलं. न्यायाधीशांनी अर्ज वाचला. मग उलटला. तिथे ते जरा जास्तच वेळ थांबले.

"बिराजदार, हे म्हणणं तुमचं?"

"हो, साहेब."

न्यायाधीशांनी ते मोठ्याने वाचलं. "'सक्त हरकत आहे. अर्ज खर्चासह नामंजूर करावा. या वेळचे कारण मात्र खरे आहे.'" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "या वेळचे म्हणजे काय?"

बिराजदार सरांपुढे फाइल उघडी होती. माझे आधीचे दोन्ही अर्ज त्यात असणार. त्यांना फक्त ते पुढे करायचे होते. त्यांनी फाइल मिटली. "त्याचं उत्तर मॅडम देतील, साहेब."

मी उभी राहिले. सहा वर्षांच्या वकिलीत मला कोर्टापुढे तयार वाक्य सुचलं नाही असं पहिल्यांदाच झालं. कंबर आठवत होती, विषमज्वर आठवत होता, आणि दोन्हींचा आता काही उपयोग नव्हता.

"साहेब, आधीच्या दोन अर्जांतली कारणं खोटी होती. पक्षकार आजारी नव्हत्या. मी सवयीने लिहिलं."

मागच्या बाकावरून सुलभावहिनींचा आवाज आला. "उभ्या जन्मात मला विषमज्वर झाला नाही, साहेब."

सगळे हसले. न्यायाधीश हसले नाहीत. बराच वेळ लिहीत राहिले, मग लघुलेखकाला सांगायला लागले आणि मी ऐकत राहिले. प्रतिवादीच्या वकिलांनी आधीच्या अर्जांतील विधाने खोटी असल्याचे भर कोर्टात मान्य केले आहे. प्रतिवादीची प्रकृती उत्तम आहे. वकिलाच्या दोषाची शिक्षा पक्षकारास देणे योग्य नाही. कैफियत दाखल करून घेण्यात येते. खर्च वकिलांनी स्वतःच्या पदरचा भरावा, पक्षकाराकडून घेऊ नये. माझं नाव दोनदा आलं, आडनावासकट. लघुलेखकाने स्पेलिंग विचारलं, तेही मला सांगावं लागलं.

बाहेर आल्यावर वहिनींनी विचारलं, "या निकालाची नक्कल मिळंल काय?"

"मिळेल. कशाला?"

"'प्रकृती उत्तम' लिहिलंय की त्यात. कोर्टाच्या शिक्क्यासकट. दुकानदारांना दाखवते." आणि त्या नकलेचा अर्ज कुठे करायचा ते विचारत निघूनही गेल्या. त्यानंतर वर्षभर सोलापुरातल्या किराणा दुकानांत माझ्या चुकीची प्रमाणित प्रत फिरत होती.

मी व्हरांड्यात उभी होते. बिराजदार सर पुढच्या प्रकरणाची फाइल घेऊन चालले होते. मी म्हटलं, "सर, थँक यू."

"कशाबद्दल? मी हरकत घेतली."

"तरीपण."

त्यांनी खिशातून ती छोटी डायरी काढली आणि माझ्यापुढे धरली. बावीस मार्चनंतरच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक आकडा होता. एक, दोन, तीन. मे महिन्याची सुट्टीसुद्धा सोडलेली नव्हती. शनिवारच्या पानावर एकशेवीस. आणि सोमवारच्या, म्हणजे आजच्या पानावर, त्यांच्या बारीक अक्षरात : 'होनराव. कैफियत घेऊ नये, अर्ज तयार आहे.'

"मोजत जा, मॅडम," ते म्हणाले. "मी मोजतो."